घराण्याचा रोग खरंच घराण्याचा असतो का? डॉ. कमल रणदिवे आणि त्यांचे उंदीर

लग्नाचं स्थळ आलं की आपल्याकडे चौकशी फक्त शेतीवाडीची आणि नोकरीची होत नाही. घरात कुणाला कॅन्सर होता का, साखर आहे का, कुणी तरुणपणीच पोटाच्या दुखण्यानं गेलं का, हेही आडून आडून विचारलं जातं. वर्धा जिल्ह्यातलं वडनेर असो की मुंबईतलं परळ, एकाच घरात दोघांना तोच आजार झाला की शिक्का बसतो: घराण्याचा रोग.

हा शिक्का कधी खरा असतो, कधी खोटा. खरा असेल तर पुढच्या पिढीला वेळेत सावध करता येतं. खोटा असेल तर घराला उगाच बट्टा लागतो, आणि खरं कारण तसंच राहतं. खरं-खोटं वेगळं कसं करायचं? माणसांवर हा प्रयोग करता येत नाही, म्हणून शास्त्रज्ञ उंदरांकडे वळले. आपल्या देशात हे काम सुरुवातीच्या काळात ज्यांनी हाती घेतलं, त्यांत एक मराठी बाई होत्या, डॉ. कमल रणदिवे. ८ नोव्हेंबर २०२१ ला गुगल उघडलं तेव्हा ज्यांचं चित्र डूडल म्हणून दिसलं होतं, त्याच या. आज त्यांचं आयुष्य पाहूया, आणि त्यांनी धरलेला प्रश्न आजचे जनुक बदललेले उंदीर कसा सोडवतात तेही समजून घेऊया.

सुरुवात झाली झाडांपासून

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्याचा. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलींनी शिकावं, आणि चांगलं शिकावं, हा त्यांचा आग्रह. कमल हुजूरपागेत शिकल्या. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं असं वडिलांच्या मनात होतं. पण कमल यांनी फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं. १९३९ मध्ये त्यांचं लग्न जे. टी. रणदिवे यांच्याशी झालं, तेही डॉक्टर नव्हेत, गणितज्ञ होते.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी १९४३ मध्ये एम.एस्सी. केलं. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या झाडांची पेशीरचना आणि आनुवंशिकता. पुढे कॅन्सरवर काम करणाऱ्या बाईंची सुरुवात सीताफळापासून झाली हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण त्यात विसंगती काही नाही. आईबापाचा कोणता गुण पिलात उतरतो, हा प्रश्न झाडाला, उंदराला आणि माणसाला सारखाच लागू पडतो.

परळमध्ये चार जातींचे उंदीर

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये काम करू लागल्या. हे हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं होतं. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर, भारतातल्या पॅथॉलॉजीचा पाया घालणारे. रणदिवे यांनी त्यांच्याच हाताखाली पीएच.डी.चं काम केलं आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवली.

या काळातला त्यांचा अभ्यास आपल्या विषयाच्या गाभ्यातला आहे. त्यांनी उंदरांच्या चार जाती घेतल्या. काही जातींत स्तनाचा कॅन्सर सहज व्हायचा, काहींत क्वचित. कॅन्सर होण्याआधीच, निरोगी असतानाच, या जातींच्या स्तनग्रंथींत काही फरक असतो का, हे त्यांनी आणि खानोलकरांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. हे काम १९४७ मध्ये प्रसिद्ध झालं. रोग झाल्यावर त्याच्याकडे बघणारे पुष्कळ होते. इथे त्या रोगाच्या आधीची जमीन बघत होत्या. आज ज्याला आपण आनुवंशिक धोका म्हणतो, तो हाच.

वाण म्हणजे काय?

उंदरांची जात म्हणजे नेमकं काय? हिंगणघाट तालुक्यातल्या वडनेरच्या शेतकऱ्याला हे समजायला वेळ लागणार नाही. हा सगळा पट्टा कापसाचा. एकेकाळी इथला हिंगणघाटी कापूस लांब धाग्यासाठी विलायतेतही नावाजलेला होता.

संकरित कापसाची सरकी घरी ठेवून पुढच्या वर्षी पेरली तर काय होतं? एक पऱ्हाटी उंच, एक बुटकी, एकीला बोंडं लवकर, एकीला उशिरा. म्हणजे बी मिसळलेलं आहे. उलट शुद्ध वाणाचं बी पेरलं तर सगळी झाडं एकसारखी येतात. मग दोन झाडांत फरक दिसला तर तो पाण्याचा, खताचा किंवा किडीचा असतो, बियाण्याचा नसतो.

उंदरांचंही तसंच. सख्ख्या भावाबहिणींची जोडी लावत लावत किमान २० पिढ्या नेल्या की त्या जातीतले सगळे उंदीर आनुवंशिकतेच्या बाबतीत जवळपास जुळ्यांसारखे होतात. हा उंदराचा शुद्ध वाण. आता एकाच पिंजऱ्यात, एकाच खाण्यावर दोन वाण ठेवले आणि एकाला गाठ झाली, दुसऱ्याला नाही, तर फरक आनुवंशिकतेचा म्हणायला जागा आहे. एकाच वाणाला दोन प्रकारचं खाणं दिलं आणि फरक पडला, तर तो खाण्याचा. एकाच घरात राहणाऱ्या, एकाच ताटातलं खाणाऱ्या माणसांत हे दोन धागे सोडवता येत नाहीत. पिंजऱ्यात येतात.

दुधाने शिकवलेला धडा

पण इथेही फसगत होते, आणि रणदिवे ज्या क्षेत्रात शिरल्या त्याला ती नुकतीच कळली होती. काही वाणांत आईला स्तनाचा कॅन्सर झाला की लेकींनाही व्हायचा. पिढ्यान् पिढ्या. सगळ्यांनी धरून चाललं की हे रक्तातच आहे. १९३६ मध्ये जॉन बिटनर या अमेरिकी शास्त्रज्ञानं एक साधी गोष्ट केली. धोक्याच्या वाणातली पिल्लं जन्मताच उचलली आणि निरोगी वाणाच्या आईला पाजायला दिली. त्या पिल्लांत कॅन्सरचं प्रमाण एकदम घटलं. आईकडून लेकीकडे जे जात होतं ते दुधातून जात होतं. पुढे कळलं की तो एक विषाणू आहे.

म्हणजे आनुवंशिकतेचा काही संबंधच नाही का? आहे. तोच विषाणू एका वाणात जोर करतो, दुसऱ्यात करत नाही. शरीरातल्या संप्रेरकांचाही, म्हणजे हॉर्मोन्सचाही वाटा असतो. वाण, विषाणू आणि हॉर्मोन ही तिहेरी गाठ सोडवणं हाच रणदिवे यांच्या संशोधनाचा मोठा भाग झाला. स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचा संबंध मांडणाऱ्या भारतातल्या पहिल्या काही संशोधकांत त्यांचं नाव घेतलं जातं. पण हे सगळं घराण्यातलंच आहे असं सोपं उत्तर त्यांनी दिलं नाही. माणसांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारी बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुकं सापडायला १९९४ आणि १९९५ साल उजाडलं.

बाल्टिमोरहून परत

पीएच.डी.नंतर खानोलकरांच्या सांगण्यावरून त्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत बाल्टिमोरला गेल्या. तिथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत टिश्यू कल्चर, म्हणजे शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी वाढवण्याचं तंत्र त्या शिकल्या. हीला या जगप्रसिद्ध पेशी १९५१ मध्ये ज्यांनी वाढवल्या, तेच हे गाय.

तिकडे राहणं सोपं होतं. त्या परत आल्या. १९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र, आयसीआरसी, सुरू झालं होतं. तिथे त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. पेशी जगवायला लागणारं द्रव अन्नही १९६० च्या दशकात त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत इथेच बनवलं. या केंद्रात वाढवलेली उंदरांची एक जात शास्त्रीय लेखनात आयसीआरसी उंदीर म्हणूनच ओळखली जाते.

१९६६ ते १९७० त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. २०० हून अधिक शोधनिबंध, १९६४ मध्ये वाटुमल फाउंडेशनचा पुरस्कार, १९८२ मध्ये पद्मभूषण. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करणाऱ्यांतही त्या होत्या.

कुष्ठरोगाचाही तोच शिक्का

कुष्ठरोगाच्या जिवाणूवरही त्यांनी काम केलं. आयसीआरसी बॅसिलस नावानं ओळखल्या जाणाऱ्या जिवाणूपासून लस बनवण्याच्या प्रयत्नात त्यांचा वाटा होता. वर्धा जिल्ह्याला हा रोग जवळून माहीत आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केलं. एकोणिसाव्या शतकात युरोपातले मोठमोठे डॉक्टरसुद्धा कुष्ठरोगाला घराण्याचा रोग मानायचे. १८७३ मध्ये नॉर्वेच्या हान्सेननी जिवाणू दाखवला आणि तो समज मोडला. पण शिक्का पुसायला किती पिढ्या गेल्या, हे दत्तपूरनं पाहिलं आहे.

आता स्वादुपिंडाकडे वळूया

रणदिवे यांच्या काळात शास्त्रज्ञ वाण निवडू शकत होते, पण एकच जनुक धरून बदलू शकत नव्हते. आता ते करता येतं. वडनेरच्या शेतातली तुलना पुढे न्यायची तर शुद्ध वाणाचा उंदीर म्हणजे निवड करून आणलेलं बी, आणि जनुक बदललेला उंदीर म्हणजे बीटी कापूस. २००२ मध्ये भारतात परवानगी मिळालेल्या या कापसात जिवाणूचं जनुक घातलेलं आहे, बाकी झाड तेच.

याचा उपयोग कसा होतो ते स्वादुपिंडाच्या आजारात छान दिसतं. पोटात जठराच्या मागे असलेली ही ग्रंथी इन्सुलिनही बनवते आणि पाचकरसही. त्यातला ट्रिप्सिन हा रस प्रथिनं पचवतो. आता विचार करा, प्रथिनं पचवणारा रस ज्या पेशीत बनतो ती पेशीही प्रथिनांचीच. मग तो तिलाच का पचवत नाही? कारण स्वादुपिंडात तो ट्रिप्सिनोजेन या झोपलेल्या रूपात असतो. आतड्यात पोचल्यावर तो जागा होतो. चुकून आतच जागा झाला तर अडवायला स्पिंक-१ नावाचा पहारेकरी असतो. हा सगळा बंदोबस्त मोडला की स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं. हान्स कियारी यांनी ही कल्पना १८९६ मध्येच मांडली होती. या आजाराला स्वादुपिंडदाह, डॉक्टरांच्या भाषेत पॅन्क्रिअ‍ॅटायटिस म्हणतात. वरच्या पोटात उठून पाठीत जाणारी तीव्र कळ, उलट्या, पुढे पुढे अपचन आणि मधुमेह, असा त्याचा प्रवास.

दारू आणि पित्ताशयातले खडे ही त्याची नेहमीची कारणं. त्यामुळे दारू न पिणाऱ्या तरुणालाही गावात संशयानं पाहिलं जातं. पण १९५२ मध्ये, म्हणजे मुंबईत आयसीआरसी सुरू झालं त्याच वर्षी, अमेरिकेत कम्फर्ट आणि स्टाइनबर्ग यांनी एकाच कुटुंबात पिढ्यांतून चालणारा स्वादुपिंडदाह नोंदवला. १९९६ मध्ये त्यामागचं जनुक सापडलं: ट्रिप्सिनोजेन बनवणारं पीआरएसएस-१. २००० मध्ये पहारेकऱ्याच्या, स्पिंक-१ च्या जनुकातले बदल सापडले. भारतातल्या, विशेषतः दक्षिणेकडच्या तरुणांमध्ये दिसणाऱ्या स्वादुपिंडातल्या खड्यांच्या आजारात स्पिंक-१ मधला बदल बऱ्याच रुग्णांत आढळतो. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या अभ्यासातही तेच दिसलं. मात्र तोच बदल काही निरोगी माणसांतही असतो. मग बदल म्हणजे रोग असं म्हणायचं का? पुन्हा तोच जुना प्रश्न, आणि पुन्हा उंदीरच मदतीला आले.

दोन उंदीर, दोन उत्तरं

जनुक बदललेला उंदीर बनवतात कसा? शुद्ध वाणाच्या मादीचं फलित बीज घेतात. क्रिस्परसारख्या तंत्रानं किंवा त्याआधीच्या मूळपेशींच्या पद्धतीनं त्या एका जनुकात हवा तेवढाच बदल करतात. ते दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात वाढवतात. पिल्लं झाली की छोटासा नमुना घेऊन डीएनए तपासतात. बदल असलेली आणि नसलेली सख्खी भावंडं शेजारी शेजारी वाढवतात. घर तेच, दाणापाणी तेच, वाण तोच. फरक फक्त एका जनुकाचा.

२०१८ मध्ये बोस्टन विद्यापीठात मिक्लोश शाहिन-टोट यांच्या गटानं असा एक उंदीर प्रसिद्ध केला. त्याच्या ट्रिप्सिनोजेनमध्ये असा बदल केला की ते आपोआप, फार वेगानं जागं व्हावं. या उंदरांना बाहेरून काहीही न देता लहान वयातच स्वादुपिंडदाह झाला आणि हळूहळू ग्रंथी आक्रसून गेली. म्हणजे कियारींची जुनी कल्पना जिवंत प्राण्यात दिसली.

दुसरा उंदीर २०२० चा. यात त्याच जागेजवळ सौम्य बदल केला. ही पिल्लं निरोगी वाढली. पण स्वादुपिंडाला डिवचणारं सेरुलीन हे औषध टोचलं तेव्हा त्यांचा आजार साध्या भावंडांपेक्षा कितीतरी जोराचा निघाला.

आणखी एक उंदीर जपानमधला, २००५ चा. यात पहारेकऱ्याचं जनुकच काढून टाकलं. उंदरात त्याला स्पिंक-३ म्हणतात. पिल्लांच्या स्वादुपिंडाच्या पेशी जन्मानंतर झडत गेल्या आणि ती दोन आठवड्यांच्या आसपासच दगावली.

तिन्ही एकत्र बघा. काही बदल एकटेच रोग घडवतात. काही नुसता धोका वाढवतात, त्यांना बाहेरची ठिणगी लागते. एकाच नावाखाली येणारे हे दोन प्रकार घराण्याचा रोग या शिक्क्यात एकत्र कोंबले जातात. माणसांतही तसंच आहे. पीआरएसएस-१ मधला सर्वात ओळखीचा बदल असलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांना आजार होतो, म्हणजे तिथेही काही जण सुटतात. स्पिंक-१ चा बदल असणाऱ्यांत बहुतेकांना काही होत नाही.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवं. उंदरात ट्रिप्सिनोजेनची जनुकं माणसापेक्षा बरीच जास्त आहेत. एक बंद केलं तरी दुसरी काम करतात. एका प्रयोगात तर उंदराचं महत्त्वाचं ट्रिप्सिनोजेन काढून टाकल्यावरही सेरुलीननं जुनाट आजार झालाच. म्हणजे ट्रिप्सिन हे एकच कारण नाही. म्हणून उंदराचं उत्तर माणसांच्या कुटुंबांशी ताडून बघावं लागतं. शिवाय हे प्राणी सजीव आहेत. भारतात अशा प्रयोगांना सरकारी समितीची देखरेख आणि संस्थेच्या समितीची आधी परवानगी लागते.

उतारवयातलं काम

निवृत्तीनंतर रणदिवे यांनी अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. सत्यनिकेतन ही तिथली संस्था आणि महिला वैज्ञानिक संघटना यांच्यामार्फत गावातल्या बायकांना आरोग्याची माहिती देण्याचं कामही त्यांनी केलं. आयुष्यभर उंदरांच्या वाणांत आनुवंशिकता शोधणारी बाई शेवटी मुलांच्या ताटाकडे वळली. यात मला विरोध दिसत नाही. पिंजऱ्यात त्यांनी जे दोन धागे वेगळे केले, त्यातला एक, जन्मानं मिळालेला, बदलता येत नव्हता. दुसरा बदलता येत होता. परदेशात शिकायला गेलेल्यांनी परत येऊन आपलं शिक्षण इथल्या लोकांसाठी वापरावं, असं त्या सांगत. ११ एप्रिल २००१ ला त्यांचं निधन झालं. आयसीआरसी आता ॲक्ट्रेक नावानं नवी मुंबईत खारघरला आहे.

आपल्या घरासाठी याचा अर्थ काय?

घरात एकापेक्षा जास्त जणांना स्वादुपिंडदाह झाला असेल, किंवा लहान वयात, दारू-खड्यांशिवाय झाला असेल, तर पोटाच्या डॉक्टरांना घरातला इतिहास स्पष्ट सांगा. वडनेरच्या लोकांना सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय ओळखीचं आहे, तिथून सुरुवात करता येईल. जनुक तपासणी हवी की नको हे डॉक्टर ठरवतील. तपासणीत बदल निघाला तरी तो धोका आहे, भविष्य नव्हे. दारू आणि विडी-सिगारेट या दोन ठिणग्या दूर ठेवणं आपल्या हातात आहे. आनुवंशिक स्वादुपिंडदाह असलेल्यांत स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा धोका वाढलेला असतो आणि धूम्रपान तो आणखी वाढवतं, म्हणून हे जास्तच महत्त्वाचं.

आणि स्थळाची चौकशी करताना कुणी घराण्याच्या रोगाचा विषय काढलाच, तर बिटनरच्या पिल्लांची गोष्ट सांगा. आई तीच, रक्त तेच. फक्त दूध बदललं, आणि पिल्लं वाचली.